परदेशी भाषा कितीपर्यंत आली म्हणजे बास? ठरवताना या चुका टाळा

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून सांगली-मिरजेत आणि तिकडे कराड-साताऱ्यातही जर्मन शिकायची चौकशी वाढली. जपानीचंही तसंच. वर्गात नाव घालायच्या आधीच मुलं विचारतात, "कितीपर्यंत केलं म्हणजे बास?" प्रश्न रास्त आहे. फी, घरच्यांची ओढाताण, हातातली नोकरी सोडायची की नाही, सगळं त्यावर अडलेलं असतं. म्हणूनच उत्तर चुकलं की वर्ष वाया जातं.

पातळी आधी, काम नंतर

"बी२ करून ठेवू, पुढचं पुढं बघू." सर्वांत महागात पडणारी चूक हीच. परदेशी भाषेच्या ए१ (सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) या सहा पायऱ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. प्रत्येक पायरीवर माणसाला त्या भाषेत काय काय करता येतं, याचं वर्णन त्यात आहे. म्हणजे आधी काम ठरवायचं आणि त्यावरून पायरी काढायची.

जर्मनीचंच घ्या. नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या बायकोला व्हिसासाठी साधारण ए१ पुरतं. आउसबिल्डुंगला, म्हणजे तिथल्या पगारी व्यवसाय-प्रशिक्षणाला, बहुतेक ठिकाणी बी१ मागतात. नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे बी२. डॉक्टरला बी२ शिवाय वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, तीही सी१ दर्जाची: वीस मिनिटं रुग्णाशी बोलणं, वीस मिनिटं लेखी नोंद, वीस मिनिटं दुसऱ्या डॉक्टरला केस सांगणं. इंजिनिअरिंग करून इंग्रजीतून एमएसला जाणाऱ्या मुलाला प्रवेशासाठी जर्मन बहुधा लागतच नाही. पण राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते, घरमालकाशी बोलायचं असतं, पार्टटाइम काम शोधायचं असतं. त्याने निदान ए२ करून निघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानच्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसाला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पायरी किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषा-परीक्षा चालते. वृद्धसेवेच्या कामाला त्यावर आणखी एक भाषा-परीक्षा द्यावी लागते.

तेव्हा वहीत पहिल्या महिन्यात कराव्या लागणाऱ्या तीन-चार गोष्टी लिहा. कुणाशी बोलणार, समोरासमोर की फोनवर, काय वाचावं लागणार, काय लिहून द्यावं लागणार. ही यादी जितकी नेमकी, तितकं 'बास' कुठं ते लवकर कळतं.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे भाषा आली

इथं जरा थांबतो, कारण मिरजेतून नर्सिंग केलेल्या मुली सगळ्यात जास्त इथंच अडकतात.

सर्टिफिकेट लागतंच. त्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही. पण परीक्षेतली ऐकण्याची क्लिप स्वच्छ असते, एका वेळी एकच माणूस बोलतो, प्रश्न छापून समोर असतात. वॉर्डात ड्यूटी बदलताना ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घेताना, काय होतं ते बघा. रात्रपाळीची सिस्टर दमलेली असते, तिला घरी जायची घाई असते. पंधरा-वीस पेशंटची माहिती ती भराभर सांगते, अर्धे शब्द खाते, अर्धे लघुरूपात म्हणते. कुणाचं बीपी रात्री किती वाजता किती होतं, कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाच्या मुलाचा फोन येणार आहे. मध्येच बेल वाजते. त्यात स्टुटगार्टच्या आसपास असाल तर कानावर श्वेबियन ही तिथली स्थानिक बोली येते, पुस्तकातली जर्मन नव्हे. इथं एक आकडा चुकीचा ऐकला तर चूक पेशंटच्या अंगावर जाते. त्यामुळे नर्सला 'बी२ पास' एवढ्यावर थांबता येत नाही. तिला 'बी२ पास आणि ओव्हर समजते' इथपर्यंत जावंच लागतं.

हे घरी तपासता येतं. मैत्रिणीला जर्मनमध्ये दहा पेशंटची नावं, खोली क्रमांक, औषधाची मात्रा आणि वेळ नेहमीच्या वेगानं एकदाच वाचायला सांगा. तुम्ही लिहून घ्या आणि ताडून बघा. मग हेच फोनवर करा. समोरासमोर बरोबर येणाऱ्या कितीतरी गोष्टी फोनवर निसटतात, कारण ओठ दिसत नाहीत. "पुन्हा सांगाल का?", "मी म्हणते ते बरोबर आहे ना?" ही वाक्यं न अडखळता तोंडात बसली पाहिजेत. माझ्या मते सगळ्या व्याकरणापेक्षा ती आधी घोटावीत.

चारही कौशल्यांना एकच माप

जेएलपीटीत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. एन३, म्हणजे एन४ च्या वरची पायरी, काढलेला मुलगा मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना गप्प होतो, याचं कारण हेच. तो ढ नसतो, त्याची ती बाजू कुणी तपासलेलीच नसते. जपानी करत असाल तर बोलण्याचा सराव वेगळा लावा, परीक्षा तुम्हाला तिकडं ढकलणार नाही.

जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ आणि बी२ परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एकात आपटलात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. हे माहीत नसल्यामुळे चारही भाग परत देणारे आणि तेवढी फी भरणारे भेटतात. ६० हा काठ आहे, हेही ध्यानात ठेवा. घरी नमुना पेपर घड्याळ लावून सोडवताना प्रत्येक भागात ७५ च्या आसपास येत नसतील, तर मी तारीख घेऊ नका म्हणतो. परक्या हॉलमध्ये, जिवाच्या धास्तीत, गुण घसरतातच.

तीन महिन्यांच्या जाहिराती

गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानुसार बी१ ला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, बी२ ला ६०० ते ८००. आठवड्याला दहा तासिका धरल्या तर बी१ ला वर्ष जातं. तीन महिन्यांत करायचं तर आठवड्याला चाळीसेक तासिका हव्यात, म्हणजे दुसरं काहीच करायचं नाही. क्लासवाल्याला हा हिशोब विचारा.

जपानीसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा २२०० तासांचा आकडा फिरत असतो. तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. मराठी माणसाला क्रियापद शेवटी ठेवायची आणि नामाला मागून प्रत्यय लावायची सवय जन्मापासून असते, त्यामुळे वाक्यरचना लवकर बसते. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मात्र सगळ्यांना सारखीच घाम फोडते.

कधीच बास न म्हणणं

उलट टोकाची माणसंही आहेत. बी२ झालं, नोकरीला तेवढंच लागतं, तरी "अजून उच्चार बरोबर नाहीत" म्हणून अर्ज करत नाहीत. अगदी सी२ सुद्धा म्हणजे तिथं जन्मलेल्या माणसासारखं बोलणं नव्हे, हे या पायऱ्या ठरवणाऱ्यांनीच स्पष्ट केलंय.

विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले बघा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडू, केरळपर्यंत पसरली. टंच, वजन, घट, उधारी, गिऱ्हाइकाशी घासाघीस सगळं तिथल्या भाषेत निभावतात. त्यातल्या अनेकांना त्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचता येत नाही, आणि त्यावाचून दुकान अडत नाही. मुलाला तिथल्या शाळेत घालायची वेळ आली की गरज बदलते, मग वाचायलाही शिकतात. 'बास' ची रेघ कामाबरोबर पुढं सरकते. परदेशी जाणाऱ्यानेही पहिल्या रेघेवर निघावं, पुढची तिथं गाठावी.

पास झाल्यावर पुस्तक मिटणं

निकाल लागतो, मग कागदपत्रं, भाषांतरं, मान्यता, व्हिसाची तारीख. यात महिने जातात. या काळात भाषा सोडली तर विमानात बसताना बी२ चं सर्टिफिकेट हातात असतं आणि तोंडात जेमतेम बी१. वाट बघताना रोज अर्धा तास तरी जर्मन बातम्या ऐका, आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी फक्त जर्मनमध्येच बोला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल सहसा दोनच वर्षं धरतात, तेव्हा ती परीक्षा अर्जाच्या तारखेकडून मागं मोजूनच द्या. मुलाखतीची तारीख आली की वर सांगितलेली दहा पेशंटची चाचणी पुन्हा एकदा घ्या. दहापैकी दोन-तीन नोंदी चुकल्या तर उरलेले आठवडे फक्त ऐकण्यावर घाला.