तीन डब्ल्यू ठेवायचे की काढायचे? गूगलमधला पत्ता बदलताना

परळ ते दादर या पट्ट्यातल्या काही दुकानांच्या, क्लासच्या आणि मंडळांच्या वेबसाइट मी सांभाळते. या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते: "ताई, पिशवीवर एक पत्ता छापलाय आणि गूगल दुसराच दाखवतंय." मग लगेच पुढचा प्रश्न, "गूगलला सांगून बदलता येत नाही का?"

सांगून बदलायची सोय पूर्वी होती. सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटवाल्यांसाठीचं गूगलचं टूल; २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे) 'प्रिफर्ड डोमेन' नावाचं सेटिंग होतं. तीन डब्ल्यूचा पत्ता हवा की नुसता, एवढं टिक केलं की झालं. २०१९ मध्ये गूगलने ते काढून टाकलं. यूट्यूबवर जुने व्हिडिओ मात्र अजून पडून आहेत, आणि ते बघून लोक सर्च कन्सोलमध्ये ते बटण शोधत बसतात. ते मिळणार नाही. आता सगळं काम आपल्याच साइटवर करायचं. तुम्ही इशारे द्यायचे, गूगल ते जुळतात का बघतं आणि पत्ता स्वतः निवडतं. इशारे एकमेकांविरुद्ध गेले, तर तुम्हाला नको असलेलाच पत्ता निवडला जाऊ शकतो.

आपल्याला दुकान एकच दिसतं, पण मशीनच्या हिशेबी पत्ते चार असतात. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, आणि त्या दोन्हींत तीन डब्ल्यू असलेला व नसलेला. चारही उघडत असतील आणि आत मजकूर तोच असेल, तर गूगल त्यांची एक गठडी बांधतं आणि त्यातला एक पत्ता रिझल्टमध्ये दाखवतं. त्या निवडलेल्या पत्त्याला म्हणतात कॅनॉनिकल. एचटीटीपीएसला गूगल आपणहून झुकतं माप देतं, त्यामुळे खरा घोळ बहुतेक वेळा तीन डब्ल्यूंचाच असतो.

आधी ठरवा

रँकिंगसाठी दोन्ही सारखेच. यावर कोणी तासभर लेक्चर देत असेल तर चहा घेऊन परत या. माझा नियम साधा आहे: बिलबुकावर, पिशवीवर, बोर्डावर जे छापलंय ते ठेवायचं. काहीच छापलं नसेल तर मी तीन डब्ल्यू घेते, कारण डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंदवही) तीन डब्ल्यूच्या नावाला सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद, लावता येतो. नुसत्या नावाला सहसा थेट आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) द्यावा लागतो आणि होस्टिंग बदललं की तो हाताने बदलावा लागतो. दिसायला नुसतं नाव सुटसुटीत वाटतं, हेही खरं.

वेळही ठरवून घ्या. साडीच्या दुकानाचं काम दिवाळीच्या तोंडावर काढू नका, क्लासचं जूनच्या प्रवेशाआधी नको, आणि मंडळाचं तर अनंत चतुर्दशी होऊन जाऊ द्या. बदलानंतर थोडे दिवस रिझल्ट वर-खाली होतात. गर्दीच्या हंगामात तेवढंही परवडत नाही.

सर्टिफिकेट आधी, रीडायरेक्ट नंतर

इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा थांबून सांगते. रीडायरेक्ट म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवणं. नुसता पत्ता तीन डब्ल्यूकडे वळवायचा असेल, तर नुसत्या पत्त्यालाही चालू एसएसएल सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारा दाखला) लागतं. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो, मग रीडायरेक्ट वाचतो. सर्टिफिकेट नसलं तर गिऱ्हाइकाला लाल इशाऱ्याचं पान दिसतं आणि तुमचा रीडायरेक्ट वाचलाच जात नाही. सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) ऑटोएसएसएल ही आपोआप सर्टिफिकेट घेणारी सोय असेल तर यादीत दोन्ही नावांपुढे हिरवी खूण आहे ना, ते बघा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट घेताना दोन्ही नावं एकाच वेळी द्या.

मग रीडायरेक्ट. तो ३०१ हवा, म्हणजे कायमचा. ३०२ हा तात्पुरता. गूगल त्याला कमी वजन देतं. मात्र ३०१ ब्राउझर लक्षात ठेवून बसतो, त्यामुळे चुकीचा लावला तर तुमच्याच फोनवर तो अनेक दिवस छळतो. म्हणून मी आधी ३०२ लावून सगळी पानं नीट वळतात का बघते आणि मग ३०१ करते. अपाचे सर्व्हर असेल तर हे काम एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये होतं, एनजिनएक्स असेल तर त्या नावाचा वेगळा सर्व्हर ब्लॉक करून. शॉपिफायवाल्यांना डोमेनच्या सेटिंगमध्ये 'प्रायमरी डोमेन' निवडायचं, बस.

दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक जुनं पान त्याच नावाच्या नव्या पानावर गेलं पाहिजे. सगळी वरात होमपेजवर आणून सोडायची नाही. आणि उडी एकच हवी. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तिथून तीन डब्ल्यू, तिथून शेवटी स्लॅश लावलेला पत्ता, अशी साखळी गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत सोसतो, पण लोकलमध्ये डोंबिवलीच्या पुढे नेटवर्क आचके देत असताना तुमचं गिऱ्हाईक सोसत नाही.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल इथे 'वर्डप्रेस अ‍ॅड्रेस' आणि 'साइट अ‍ॅड्रेस' असे दोन रकाने आहेत. दोन्ही बदलले की वर्डप्रेस पानांना आपणहून वळवतं. फक्त पानांना. दरपत्रकाची पीडीएफ, साड्यांचे फोटो हे सर्व्हर थेट देतो, वर्डप्रेसपर्यंत मागणी पोचतच नाही. त्यामुळे सर्व्हरवरचा रीडायरेक्ट तरीही लावायचाच. आणि डेटाबेसमधले जुने पत्ते बदलताना एसक्यूएलमध्ये सरळ शोधा-बदला करू नका. वर्डप्रेस बऱ्याच गोष्टी अक्षरांची संख्या धरून साठवतं. पत्त्याची लांबी बदलली की ती गणती चुकते आणि विजेट गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड-लाइन टूलचं सर्च-रिप्लेस ही गणती सांभाळतं.

उरलेले इशारे

प्रत्येक पानाच्या हेडमध्ये कॅनॉनिकल टॅग असतो. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो २००९ मध्ये मिळून आणला. त्यात नवा पत्ता पूर्ण हवा, एचटीटीपीएसपासून. योस्ट किंवा रँकमॅथ हे वर्डप्रेसचं प्लगिन असेल तर तो आपोआप बदलतो. कोणी थीममध्ये हाताने लिहून ठेवला असेल तर नाही. पानाचा सोर्स उघडून बघाच. रीडायरेक्ट एकीकडे बोट दाखवतोय आणि कॅनॉनिकल दुसरीकडे, हे मला वारंवार दिसतं. साइटमॅप (साइटच्या पानांची यादी असलेली फाइल), मेन्यूतल्या आणि फूटरमधल्या लिंकही नव्याच पत्त्याच्या करा. साइटमॅपचा इशारा रीडायरेक्ट आणि कॅनॉनिकलपेक्षा हलका असतो, पण उलटा नको.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पानं असतील तर एक खास काळजी. मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडे वळवू नका. भाषांतरित पान गूगल नक्कल धरत नाही. पण तुम्हीच 'मूळ तिकडे आहे' म्हणालात तर मराठी पान रिझल्टमधून जाऊ शकतं. मराठी पानाचा कॅनॉनिकल मराठीच, आणि दोघांची ओळख एचरेफलँगने (कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते सांगणारा टॅग) करून द्यायची. मराठीचा कोड 'एमआर'.

याच ओघात हौसेने पर्मालिंकही (एकेका पानाचा पत्ता) बदलायचा मोह होतो. आवरा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेस स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) दोनशे अक्षरांवर कापतं, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. लांब मराठी शीर्षकांचे पत्ते म्हणूनच मध्येच तुटलेले दिसतात. तुटके असले तरी ते आता गूगलच्या ओळखीचे आहेत. राहू द्या.

रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (सर्च इंजिनने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) जुना पत्ता बंद करू नका. बंद केला तर गूगल तिथे जाणार नाही आणि रीडायरेक्ट त्याला कळणारच नाही. आणि सर्च कन्सोलच्या 'रिमूव्हल्स'ने जुना पत्ता काढायचा तर विचारही नको. ते टूल तीन डब्ल्यू, नुसता, एचटीटीपी, एचटीटीपीएस असा भेद करत नाही. सगळेच साधारण सहा महिने लपवतं.

मंडळांची गोष्ट वेगळी

मंडळांत नवी कमिटी आली की नवा उत्साह येतो, आणि त्यात नवं डोमेन घेतलं जातं. कधी नावात सालच घालतात! हा तीन डब्ल्यूंचा प्रश्न नाही, पूर्ण स्थलांतर आहे. यासाठी सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' टूल आहे. ते फक्त डोमेन किंवा सबडोमेन बदललं तरच वापरायचं; एचटीटीपीवरून एचटीटीपीएस किंवा तीन डब्ल्यू काढणं-लावणं यासाठी ते नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही प्रॉपर्टी (सर्च कन्सोलमध्ये नोंदवलेल्या साइट) एकाच गूगल खात्यात व्हेरिफाय केलेल्या हव्यात. आधी ३०१ लावा, मग जुन्या प्रॉपर्टीच्या सेटिंगमध्ये जाऊन अर्ज करा. त्याची मुदत १८० दिवसांची असते. रीडायरेक्ट मात्र किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, आणि मी म्हणते कायमच ठेवा. बिंगसाठी काम करायचं असेल तर तिथल्या वेबमास्टर टूल्समध्येही नवी साइट जोडा आणि साइटमॅप द्या.

झालं की नाही, कसं बघायचं

खासगी विंडोत चारही पत्ते टाइप करा. चारही एकाच ठिकाणी थांबले पाहिजेत. एखादं आतलं पान आणि एखादी पीडीएफही तपासा. सर्च कन्सोलमध्ये 'डोमेन' प्रकारची प्रॉपर्टी घ्या, डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून. तिच्यात चारही पत्ते एकत्र येतात. मग वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाकून तपासणी करा. 'यूजर-डिक्लेअर्ड कॅनॉनिकल' म्हणजे तुमचं म्हणणं, 'गूगल-सिलेक्टेड कॅनॉनिकल' म्हणजे त्यांचा निर्णय. दोन्ही जुळले की काम झालं. 'लाइव्ह टेस्ट'मध्ये दुसरी ओळ मिळत नाही, ती पान इंडेक्स झाल्यावरच, म्हणजे गूगलच्या नोंदीत आल्यावरच, ठरते. मध्यम आकाराच्या साइटला काही आठवडे लागतात.

या काळात मालकाला गूगलचा मेल येतो की अमुक कारणाने पानं इंडेक्स होत नाहीत, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे येतो, सोबत तीन उद्गारचिन्हं. कारण 'पेज विथ रीडायरेक्ट' किंवा 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग' असेल तर जुने पत्ते बाजूला होताहेत एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला तेच हवं होतं. 'डुप्लिकेट, गूगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूजर' असं आलं तर मात्र कुठला तरी इशारा उलटा आहे, तो शोधा.

शेवटी बिझनेस प्रोफाइल, इन्स्टाग्रामचा बायो, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं प्रोफाइल इथली लिंक बदला. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड आणि जुन्या अहवालात छापलेला पत्ता बदलता येत नाही. ते जुन्या नावाच्या रीडायरेक्टवर आणि सर्टिफिकेटवरच चालणार. म्हणून जुन्या डोमेनचं ऑटो-रिन्यू चालू ठेवा, नाहीतर ते सुटल्यावर दुसरा कोणीही घेऊ शकतो. आणि रिन्यूला जोडलेलं कार्ड मंडळाच्या खजिनदाराचं असेल, तर खजिनदार बदलल्यावर कार्डही बदला.