दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांवर लिहिताना या चुका टाळा

या केंद्रशासित प्रदेशाबद्दलच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव हे चार वेगळे तुकडे, पण त्यांना एकच इतिहास आणि एकच तारीख लावली जाते. २६ जानेवारी २०२० पासून कारभार एकत्र आहे, त्याआधीचे मात्र जवळजवळ सगळे वेगवेगळे आहे. म्हणून कोणतेही साल लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे साल कुठल्या तुकड्याचे?

'येथे साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राजवट होती' हे वाक्य त्याच घाईतून येते. हा गोव्याचा हिशोब आहे. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या दडपणाखाली १५३५ मध्ये दिली. तिथून १९६१ पर्यंत ४२६ वर्षे होतात. दमण कायमचे हाती आले ते १५५९ मध्ये, म्हणजे ४०२ वर्षे. नगर हवेलीत १७८३ ते १९५४ ही १७१ वर्षे भरतात आणि दादऱ्यात १७८५ पासून १६९. दीवबाबत १५०९ हे सालही फसवते. त्या वर्षी पोर्तुगीजांनी दीवजवळची आरमारी लढाई जिंकली, पण दीव त्यांच्या ताब्यात आले नाही.

सर्वांत जपून लिहायचा भाग मराठ्यांशी जोडलेला आहे, आणि नेमका तोच दोन ओळींत उरकला जातो. 'पोर्तुगीजांनी नगर हवेली जिंकली' हे साफ चूक आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा मुलूख गेला; दमण आणि दीव तेवढे राहिले. त्यानंतर ४० वर्षांनी, १७७९ च्या पुणे तहात, पेशव्यांनी त्यांना १२,००० रुपयांचा महसूल लावून देण्याचे कबूल केले. तेव्हा गादीवर सवाई माधवराव होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी गावे नेमून दिली.

इथे 'गावे दिली' आणि 'सार्वभौमत्व दिले' यांत गल्लत होते. मराठी वाचकाला सरंजाम हा शब्द परका नाही. सरंजामात महसूल वसूल करण्याचा हक्क मिळतो, भूमीवरची अंतिम सत्ता देणाऱ्याकडेच राहते. दमणहून या गावांत जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारतावर खटला भरला, तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तहाचा अर्थ असाच लावला. पण न्यायालय तिथे थांबले नाही. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या गावांवरची पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मान्य केली आणि पुढे भारतानेही ती गृहीत धरली, असेही त्याने नोंदवले. यातली एकच बाजू उचलली की लेख लंगडा पडतो.

'भारत हेगचा खटला जिंकला' किंवा 'पोर्तुगाल जिंकला' ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. १२ एप्रिल १९६० च्या निकालात तीन वेगळे मुद्दे आहेत. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना दमणहून या गावांत जाण्याचा हक्क १९५४ मध्ये होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रसामग्री यांना तो नव्हता: ८ विरुद्ध ७. भारताने वाट अडवून आपले कर्तव्य मोडले नाही: ९ विरुद्ध ६. तिन्ही मुद्दे याच क्रमाने लिहिले की गोंधळ उरत नाही.

मुक्तीच्या तारखा तर सर्रास मिसळल्या जातात. ऑपरेशन विजयने, म्हणजे डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईने, दादरा-नगर हवेली मुक्त केली नाही. दादरा जुलै १९५४ मध्ये आणि नगर हवेलीचे मुख्य ठाणे सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले, तेही भारतीय सैन्याने नव्हे तर स्वयंसेवकांनी केले. सुधीर फडके त्यांत होते. पण १९५४ ला 'भारतात विलीन' असेही लिहू नये. मधली ७ वर्षे वरिष्ठ पंचायत या स्थानिक मंडळाचा कारभार होता, आणि विलीनीकरण ११ ऑगस्ट १९६१ चे आहे. करारावर सही करता यावी म्हणून आयएएस अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसासाठी तिथले पंतप्रधान नेमले होते. दमण आणि दीव त्यानंतर, डिसेंबर १९६१ च्या त्या कारवाईत आले. ३० मे १९८७ ला गोवा राज्य होईपर्यंत ते गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात होते. दादरा-नगर हवेली त्या प्रदेशात कधीच नव्हती.

नकाशा काढताना दादरा हा तुकडा नगर हवेलीला चिकटवू नका. दोहोंच्या मध्ये गुजरात आहे. उलट मघवाळ हे गुजरातचे गाव नगर हवेलीच्या पोटात आहे, ते वगळले जाते. दीव बेट असले तरी त्याचा घोघला हा भाग मुख्य भूमीवर आहे. दमणगंगेच्या दक्षिणेला मोटी दमण आणि उत्तरेला नानी दमण. नकलेत हे हमखास उलटे होते. नदीचा उगम नाशिक जिल्ह्यातला.

जुन्या पुस्तकातून उतरवताना शेजारचे जिल्हे तपासा. ठाण्याच्या जागी २०१४ पासून पालघर, आणि दीवशेजारी जुनागढच्या जागी २०१३ पासून गीर सोमनाथ. मुख्यालयाचे गाव म्हणून आता सिल्वासा नव्हे, दमण लिहायचे. २०११ च्या जनगणनेत संयुक्त आकडा सापडणार नाही, कारण तेव्हा प्रदेश दोन होते. दादरा-नगर हवेलीचे ३,४३,७०९ आणि दमण-दीवचे २,४३,२४७ मिळवून ५,८६,९५६ लिहावे, आणि ही बेरीज आहे हे शेजारी नोंदवावे.