फुफ्फुसाचा कर्करोग: डाग दिसला की टीबीच, आणि टाळण्यासारख्या इतर चुका

महिनाभराचा खोकला, उतरलेलं वजन आणि छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग. आपल्याकडे अशा वेळी आधी टीबीचं नाव निघतं आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. चूक होते ती त्यापुढे. थुंकीत जंतू सापडलेले नसताना टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि 'दोन महिन्यांनी परत फोटो काढू' असं ठरतं. फुफ्फुसाचा कर्करोग फोटोत हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि त्याला दोन महिने खूप होतात.

गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणजे टीबीच होता, हाही पुरावा नव्हे. गाठीमुळे श्वासनलिका अर्धवट बंद झाली की तिच्या मागे कफ तुंबतो आणि न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने तो न्यूमोनिया ओसरतो, ताप उतरतो, माणूस दोन घास जास्त जेवतो. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिनही इतर काही जंतूंवर चालतं. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. डाग मात्र तिथेच असतो.

म्हणून थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी (टीबीच्या जंतूंचा जनुकीय माग काढणारी) आधी करून घ्या. नमुना सकाळी उठल्यावर खोलवरून खाकरून काढलेला हवा; डबीत नुसती लाळ गेली तर टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. खरा नमुना देऊनही जंतू सापडले नाहीत, तर लगेच सीटी स्कॅन मागा; जंतू सापडून उपचार सुरू झाले, पण सहा ते आठ आठवड्यांनंतरही डाग तसाच राहिला, तरीही मागा. त्याच जागी दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, थुंकीतून रक्त पडलं, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला किंवा बोटांची टोकं फुगून नखं गोलसर झाली, तर तेवढंही थांबू नका. टीबी पॉझिटिव्ह आला तरी डागावर नजर हवीच, कारण दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात.

उलट बाजूनेही फसगत होते. पेट स्कॅनमध्ये (शरीरात जास्त साखर वापरणाऱ्या जागा दाखवणारा स्कॅन) टीबीची गाठसुद्धा चमकते. त्यामुळे चमकलं म्हणजे कॅन्सर, असं समजून रडारड नको. निर्णय बायोप्सीवरच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरच होतो.

'आमच्याकडे कुणी विडी ओढत नाही'

तंबाखूचा धूर हे सगळ्यात मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. घरातल्या दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, कोंदट स्वयंपाकघरातली चूल, अ‍ॅसबेस्टॉस, डिझेलचा धूर, जमिनीतून येणारा रेडॉन वायू हेही त्या यादीत आहेत. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलं. कधीच धूम्रपान न केलेल्यांत बहुतेकदा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा प्रकार सापडतो. तो अनेकदा फुफ्फुसाच्या कडेला वाढतो, त्यामुळे खोकला उशिरा सुरू होतो. फुफ्फुसाच्या अगदी टोकाची गाठ तर खांदा आणि हात दुखवते, आणि माणूस महिनोन्‌महिने खांद्याला शेक देत बसतो.

'दरवर्षी एक्स-रे काढतो की!'

हृदयामागची किंवा गळपट्टीच्या हाडामागची छोटी गाठ एक्स-रेत लपू शकते. अमेरिकेतल्या सुमारे 53,000 लोकांवरच्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी किरणांच्या सीटीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत 20 टक्क्यांनी घटले. तिथल्या 2021 च्या शिफारशीनुसार ही तपासणी वर्षातून एकदा करतात: वय 50 ते 80, किमान 20 'पॅक-वर्षं', आणि सिगारेट चालू किंवा सोडून 15 वर्षं झालेली नाहीत. हिशोब सोपा आहे. रोजच्या सिगारेटी भागिले 20, गुणिले वर्षं. रोज 15, तीस वर्षं म्हणजे 22.5.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. शिवाय जुन्या टीबीचे व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात, म्हणून हौसेने 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये सीटी करणं आम्हाला पटत नाही. तपासणीत 6 मिलिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहूनही कमी असते. आणि लक्षणं असतील तर हा स्क्रीनिंगचा, म्हणजे लक्षणं नसताना करायच्या तपासणीचा, विषयच उरत नाही. डॉक्टर सांगतील तो नेहमीचा, पूर्ण सीटी करायचा.

नुसतं 'कॅन्सर आहे' एवढ्यावर उपचार सुरू करणं

सुमारे 85 टक्के रुग्णांत नॉन-स्मॉल सेल प्रकार असतो, उरलेल्यांत मुख्यतः स्मॉल सेल. स्मॉल सेल झपाट्याने पसरतो आणि त्याची केमोथेरपी वेगळी. नॉन-स्मॉल सेलमध्ये, विशेषतः अ‍ॅडेनोकार्सिनोमा असेल तर, ईजीएफआर, एएलके, आरओएस-1 (गाठीतल्या जनुकांचे बदल) आणि पीडी-एल1 (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्या विचारा. ईजीएफआरमध्ये बदल सापडला तर रोजच्या गोळीवर उपचार होऊ शकतो.

गाडं अडतं ते नमुन्यावर. बारीक सुईने काढलेल्या चार पेशी निदानातच संपतात, जनुकीय तपासणीला काही उरत नाही आणि बायोप्सी परत करावी लागते. 'सुई लावली की पसरतो' या भीतीने ती पुढे ढकलू नका. तशी शक्यता अगदी क्वचित असते. मात्र आधीच विचारून ठेवा: 'पुढच्या तपासण्यांना पुरेल एवढा तुकडा निघेल ना?'

दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, आणि सीटीच्या फिल्मसोबत सीडीही. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.