जुनाट फिशर ऑपरेशनशिवाय कसं आटोक्यात आणायचं

शौचाच्या वेळी चिरल्यासारखी कळ, त्यानंतर अर्धा तास ते पाच-सहा तास ठणका आणि जळजळ, मलावर किंवा भांड्यात थोडं लालभडक रक्त. फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी पडलेली चीर, असं ओळखू येतं. आपल्याकडे त्या जागेच्या कुठल्याही दुखण्याला ‘मूळव्याध’ म्हणतात, त्यामुळे कित्येक जण महिनोन्‌महिने मूळव्याधीचं मलम चोळत बसतात. मूळव्याधीत रक्त जास्त जातं, पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडं आणि दुखणं फार. भगंदरात शेजारच्या छिद्रातून पू येत राहतो. जखम सहा-आठ आठवड्यांत भरली नाही की फिशर जुनाट झालं असं धरतात. एव्हाना तिच्या बाहेरच्या टोकाशी कातडीचा छोटा तुकडा लोंबायला लागतो. त्याला ‘कोंब’ समजून तो कापून, बांधून किंवा जाळून घ्यायला धावू नका. तो जखमेमुळे आलेला असतो, त्याच्यामुळे जखम झालेली नसते.

एकदा सर्जनला दाखवून निदान पक्कं करून घ्या. दोन्ही बाजूंनी त्वचा हलकेच फाकवली की बहुतेक वेळा चीर नुसत्या डोळ्यांनी दिसते. फार दुखत असेल तर त्याच दिवशी बोट घालून किंवा नळीने तपासायची गरज नसते. तसं स्पष्ट सांगायला संकोचू नका.

जखम भरत का नाही, ते आधी समजून घ्या, कारण सगळा उपचार त्यावरच उभा आहे. गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपल्या हुकमात, आतला नाही. चिरेची कळ लागली की आतला स्नायू आवळून बसतो आणि तासन्‌तास सुटत नाही. चीर बहुतेकदा पाठीमागच्या बाजूला मधोमध असते. तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात स्नायूच्या दाबाने तो आणखी तुटतो. रक्त पोचत नाही म्हणून जखम भरत नाही, जखम आहे म्हणून स्नायू सुटत नाही. त्यामुळे कामं दोन: मल मऊ ठेवणं आणि तो स्नायू सैल करणं. एकच केलं की निम्मंच होतं. नुसतं इसबगोल घेणारे आणि नुसतं मलम लावणारे, दोघेही ‘काही फरक नाही’ म्हणत परत येतात.

मल: मऊ, पण पातळ नाही

रोज एकदा, न कुंथता, सोललेल्या केळ्यासारखा अखंड आणि मऊ मल व्हायला हवा. सुटे घट्ट खडे वाईटच, पण पाण्यासारखे जुलाबही तितकेच वाईट. पातळ मलाने जागा चरचरते, वारंवार धुवावी लागते आणि स्नायूला रोज हलका ताण मिळायला हवा तोही मिळत नाही. म्हणून एरंडेल किंवा सोनामुखीची चूर्णं रोजच्या रोज नकोत. त्यांनी एक दिवस पोट सपाटून साफ होतं, पुढचे दोन दिवस काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी खडा.

दिवसाला २५ ते ३५ ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीच्या एका भाकरीतून साधारण पाच ग्रॅम, मध्यम पेरूतून पाच किंवा थोडे जास्त, वाटीभर मटकीच्या किंवा हरभऱ्याच्या उसळीतून पाच-सहा मिळतात. पांढरा भात, मैद्याचा पाव आणि बिस्किटं यांतून जवळजवळ काही नाही. दोन भाकऱ्या, एक उसळ, एक पालेभाजी आणि दोन फळं एवढ्यावर आकडा गाठत येतो. उरलेला इसबगोलने भरा.

इसबगोल असं घ्या: पोह्यांचा एक भरलेला चमचा, म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम भुसा, मोठ्या पेलाभर पाण्यात टाका, ढवळा आणि बुळबुळीत व्हायच्या आत पिऊन टाका. वर आणखी एक पेला पाणी. सुरुवातीचे चार-पाच दिवस रात्री एकदाच, मग सकाळ-रात्र. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि गॅस होतो, आणि नेमकं तेव्हाच लोक ते सोडून देतात. कोरडा भुसा तोंडात टाकू नका, तो घशात अडकू शकतो. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे रात्री घेऊन सकाळी तक्रार करण्यात अर्थ नाही. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी हवंच. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल उलट मल अडवतं. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तेवढ्याने भागलं नाही तर रात्री लॅक्ट्युलोज १५ मिलि, किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यातून. दोन्ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. मल सैल झाला की मात्रा कमी करा. चार दिवस शौचाला झालेलंच नसेल तर मात्र इसबगोल वाढवू नका. आत खडा बसलेला असताना वरून भुशाची भर घातली की आणखी जड होतं. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने पोट मोकळं करा, मग तंतू.

चालू गोळ्याही तपासा. लोह, कॅल्शियम, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल हे वेदनाशामक, ही सगळी मल घट्ट करतात. तिखटाने फिशर होत नाही, पण झालेल्या जखमेवरून तिखट गेलं की आग होते. ठेचा आणि रस्सा महिनाभर बाजूला ठेवा.

संडासात

नाश्ता किंवा सकाळच्या चहानंतर वीस-तीस मिनिटांत आतडं आपोआप हलतं. ती वेळ धरा. शौचाला लागली की लगेच जा. दुखेल या भीतीने दाबून ठेवलं की मलातलं पाणी आत शोषलं जातं आणि जे टाळायचं तेच होतं. बस चुकेल, मीटिंग आहे, बाहेरचं संडास घाण आहे, या कारणांनी फिशरचं जितकं नुकसान होतं तितकं मिरचीने होत नाही.

कमोड असेल तर पायाखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे झुका. श्वास रोखून जोर लावू नका. तोंडाने सावकाश सोडत पोट सैल ठेवा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, नंतर परत या. मोबाईल बाहेर. धुताना जेट स्प्रेची धार थेट जखमेवर मारू नका. मगाने कोमट पाणी ओता आणि मऊ सुती कापडाने टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. साबण, डेटॉल, सुगंधी वाइप्स नकोत.

कोमट पाण्यात बसणं

कमोडवर बसणारा प्लॅस्टिकचा टब औषधाच्या दुकानात मिळतो. नाहीतर बसता येईल असं पसरट घमेलं चालतं. तीन-चार लिटर पाणी, कोपर बुडवून सुखद वाटेल इतपत कोमट. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यातली एक वेळ शौचानंतर लगेच, कारण स्नायू तेव्हाच आवळतो. मीठ, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट काही घालायला नको. न विरघळलेला परमँगनेटचा कण त्वचा भाजतो. आधी बधिर करणारं मलम लावलं असेल तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून क्रम ठेवा: शौच, कोमट पाणी, कोरडं करणं, मग मलम. शेकाने ठणका उतरतो. जखम भरायचं काम मात्र एकट्या शेकाचं नाही.

मलम

स्नायू सैल करणारी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. सहसा पहिलं दिलं जातं ते डिल्टियाझेम २ टक्के. काही ठिकाणी निफेडिपिन आणि जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं मिश्रण देतात. नायट्रोग्लिसरिन ०.२ टक्केही चालतं, पण त्याने डोकं दुखतं आणि त्यापायी अनेक जण ते अर्ध्यावर सोडतात.

बोटाला हातमोजा किंवा रबरी टोपी चढवा, नाहीतर औषध बोटातूनही शोषलं जातं. डाव्या कुशीवर झोपा. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम कडेने गोल लावा आणि तोंडाच्या आत साधारण एक सेंटिमीटरपर्यंत. ट्यूबसोबतची लांब नळी आत खुपसू नका. त्याने जखम उकरते आणि औषध स्नायूला सोडून वर मलाशयात जातं. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, डॉक्टरांनी सांगितलं तर तीनदा. नायट्रोग्लिसरिनचे पहिले काही दिवस लावून पंधरा मिनिटं पडून राहा आणि उठताना सावकाश उठा, चक्कर येते. हे मलम चालू असताना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लिंगाच्या ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेऊ नका. रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण किंवा अंगावरचं पाजणं असेल, तर आधी सांगा.

लिग्नोकेनचं मलम शौचाआधी दहा मिनिटं लावलं तर भीती कमी होते. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांपुरतं ठीक. मूळव्याधीच्या बऱ्याच तयार मलमांत स्टिरॉइड असतं. ते लांबवलं तर त्वचा पातळ होते आणि चीर सहज फाटते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचाच.

ठणका बहुधा पहिल्या पंधरवड्यात उतरतो. इथेच बहुतेकांचं बिघडतं: दुखायचं थांबलं म्हणून मलम बंद, आणि वरवर जुळलेली चीर पुढच्या पहिल्या खड्याला उघडते. मलम पूर्ण सहा ते आठ आठवडे लावायचं. तेवढ्यावर डिल्टियाझेमने निम्म्याहून अधिक जणांची जखम भरते. नाही भरली तर बोटॉक्सचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. स्नायू सुमारे तीन महिने ढिला राहतो, त्या काळात काही जणांना वारा आवरत नाही, पण ते तात्पुरतं असतं. त्यानंतरही जखम तशीच असेल तर स्नायूचा थोडा भाग कापण्याच्या शस्त्रक्रियेला हट्टाने नाही म्हणू नका. तिचं यश नव्वद टक्क्यांच्या वर आहे. बाळंतपणात स्नायू आधीच दुखावलेल्या बायकांनी मात्र तो निर्णय जपून घ्यावा. भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणण्याचा जुना प्रकार कुणी सुचवला तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. भिंतीवर ‘खात्रीने बरे’ रंगवणाऱ्यांकडे तर जाऊच नका.

ताप येऊन जवळ सूज आणि सतत ठणका असेल तर पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. चीर मधोमध नसून बाजूला असेल, एकाहून अधिक असतील, वजन घटत असेल, रक्त मलात मिसळलेलं असेल किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर क्षयरोग, क्रोन्स आजार (आतड्याचा जुनाट दाह), कर्करोग यांची तपासणी आधी.

जखम भरल्यावर मलम थांबतं, तंतू थांबत नाहीत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात बऱ्या झालेल्या रुग्णांना वर्षभर कोंडा दिला. रोज १५ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना फिशर पुन्हा झालं; निम्मा कोंडा घेणाऱ्यांत हे प्रमाण ६० टक्के होतं, म्हणजे काहीच न घेणाऱ्यांच्या जवळपास. अर्धवट मात्रेचा उपयोग नाही, तो असा.

घात होतो तो उपवासाला. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, चार कप चहा आणि कमी पाणी, की दुसऱ्या दिवशी खडा ठरलेला. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतातच. राजगिरा, रताळं आणि फळं घ्या, इसबगोलची मात्रा चुकवू नका. लांबच्या प्रवासातही पुडी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. तरीही एखाद्या दिवशी घट्ट झालं आणि कळ लागली तर आठवडाभर वाट बघू नका: त्याच दिवसापासून कोमट पाण्यात बसणं दोनदा, लॅक्ट्युलोज रात्री, आणि दोन-तीन दिवसांत ठणका उतरला नाही तर डॉक्टरांना विचारून मलम पुन्हा सुरू.