घर हलवताय? टेम्पो ठरवताना या चुका टाळा

टेम्पोवाल्याला फोन लावला की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कोथरूडहून वाकडला किती घ्याल?" तो आकडा सांगतो, आपण तीनशे कमी करून घेतो आणि खूश होतो. पण शहरातल्या शहरात गाडी पळते जेमतेम तासभर, बाकी दिवस जातो जिन्यात. त्यामुळे आधी जिन्याचं बोलून घ्या. दोन्हीकडे कितवा मजला, लिफ्टमधून सामान नेऊ देतात का, गाडी दारापर्यंत येते की गेटबाहेरच थांबते, हमाल किती, हमाली भाड्यात धरली आहे का, टोल कोणाचा. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, सोबत कपाट, पलंग, फ्रिजचे फोटो पाठवा. "थोडंसंच सामान आहे हो" यावर कुठलाही टेम्पोवाला विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आमचं लोखंडी कपाट नव्या घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. हमालांनी ते तिथेच टेकवलं आणि वरचे हजार मागितले. रागावणार कोणावर? वळणाचं माप मीच घेतलं नव्हतं.

गाडी लहान घेऊन पैसे वाचत नाहीत. छोट्या हत्तीचा (टाटा एस टेम्पोचा) हौदा साधारण सात फुटांचा, वजन झेपतं पाऊण टनाच्या आसपास. एका खोलीचं बिऱ्हाड त्यात मावतं. डबल बेड आणि कपाट असलेल्या वन बीएचकेला पिकअप बरी, भरलेल्या टू बीएचकेला चौदा फुटी आयशर ट्रक. दुसरी फेरी मारावी लागली की स्वस्त गाडी महाग पडते. नंबरप्लेट पिवळी हवी, इलेक्ट्रिक गाडी असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून भाड्याने माल नेणं बेकायदा आहे.

दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आधी विचारा. कित्येक ठिकाणी रविवारी किंवा संध्याकाळनंतर सामान हलवू देत नाहीत, आणि भरलेली गाडी गेटवर उभी राहिली की थांबण्याचे पैसे सुरू.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम मागच्या बोल्टने आवळल्याशिवाय हलवू नका. मशीनसोबत आलेले ते बोल्ट बहुतेकांनी फेकून दिलेले असतात. फ्रिज उभाच न्या. आडवा करावाच लागला, तर उभा करून काही तास थांबा आणि मगच चालू करा, कारण कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं.

परगावी जायचं असेल तर पूर्ण भाडं आगाऊ देऊ नका. सामान अर्ध्या वाटेत अडवून जादा पैसे उकळणारेही असतात. सामानाची यादी असलेली बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालपावती घ्या. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायचा ऑनलाइन कागद) लागत नाही, त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पावसाळ्यात ताडपत्री गाडी भरायच्या आधीच उलगडून बघा, भोकं तेव्हाच दिसतात.

देव, दागिने, कागदपत्रं स्वतःच्या पिशवीत. चहा-साखरही. हमाल दमून टेकतात तेव्हा साखर नेमकी सतराव्या खोक्यात असते.