ऑनलाइन स्वस्त ऑफिस खुर्ची घेताय? निदान या चुका तरी टाळा

ओळखीत कुणाची नवी खुर्ची डुगडुगायला लागली की फोन मला येतो. घरात पाने-पकडी बाळगतो, एवढाच माझा गुन्हा. तक्रारी ठरलेल्या असतात: करकरते, पुढे झुकते, मागे रेलतच नाही. आणि निष्कर्षही ठरलेला, "स्वस्तातली घेतली ना, म्हणून." मग जाऊन बघावं तर बऱ्याचदा खुर्ची बिचारी धड असते. तासाभराचं काम वीस मिनिटांत उरकायला गेलेला माणूस तेवढा शेजारी घाम पुसत उभा असतो.

फोटो बघून घेणं

डोक्याला उशी, पायाला फळी, वर 'अर्गोनॉमिक' हा शब्द. कमी किमतीत एवढं सगळं दिलं असेल तर ते कुठून तरी कापलेलं असणार, आणि कापतात ते बैठकीखालून, कारण फोटोत ते दिसत नाही. स्वस्त खुर्चीत मी डोक्याच्या उशीकडे बघतही नाही. उंची कमीजास्त करणारा बैठकीखालचा गॅस सिलिंडर क्लास ३ आहे की क्लास ४ (म्हणजे त्याच्या मजबुतीची श्रेणी), खालचा पाच पायांचा बेस नायलॉनचा आहे की धातूचा, वजनाची मर्यादा किती, हे आधी वाचतो. हे लिहिलेलंच नसेल तर पुढची खुर्ची. 'बिफमा' हा शब्द दिसला तर तो नक्की कशासाठी लिहिलाय तेही बघा. बिफमा एक्स ५.१ ही ऑफिस खुर्च्यांसाठीची अमेरिकी चाचणी आहे, पण कित्येकदा खाली बारीक अक्षरात समजतं की चाचणी फक्त बेसची किंवा सिलिंडरची झाली आहे, अख्ख्या खुर्चीची नाही.

टेप घेऊन तीन मापं घ्या. घरात जी चप्पल घालता ती घालून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची उंची. खुर्ची सगळ्यात खाली केल्यावर तिची बैठक याच्याहून वर राहता कामा नये. दुसरं, पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जागा उरते का. बुटक्या माणसांना इथेच त्रास होतो: बैठक खोल असली की ते पुढे सरकून बसतात आणि पाठ कायम हवेत. तिसरं, जमिनीपासून टेबलाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. खुर्चीचे हात तिच्याखाली जात नसतील तर ते टेबलाला आपटत राहणार.

एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळणं

सगळ्यात जास्त खुर्च्या यानं खराब होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका मित्रानं खुर्चीचा हात जोडायला ड्रिल मशीन काढलं. पहिला बोल्ट गच्च, दुसरा गच्च. तिसऱ्याची वेळ आली तेव्हा छिद्र अर्धं सरकलेलं. ते सरकणारच होतं, आधीच्या दोघांनी हात एका बाजूला ओढून धरला होता. त्यानं बोल्ट तिरका घातला आणि मशीनचा घोडा दाबला. बोल्ट थोडा आत गेला, कट्ट असा आवाज झाला आणि नुसताच फिरायला लागला. फोनवर म्हणाला, "बोल्ट फिरतोय रे, पण बसत नाहीये." मी कपाळाला हात लावला.

अशा खुर्चीची बैठक आतून प्लायवूडची असते. फोमच्या बाजूनं त्यात दातेवाले टी-नट, म्हणजे बोल्ट ज्यात फिरून बसतो ते नट, ठोकलेले असतात. तिरका बोल्ट नटाच्या आट्यांत अडकला, मशीननं जोर लावला आणि नटाचे दाते प्लायमधून सुटले. आता बोल्ट आत जाईना की बाहेर येईना. बैठक उलटी करून चपट्या स्क्रूड्रायव्हरनं स्टेपल एकेक उचकटले, कापड सोलून मागे घेतलं, चिकटवलेला फोम सोडवला. नट दिसला. त्याच्या दात्यांनी प्लायमध्ये गोल चरा पाडला होता, आत लाकडाचा भुगा. मी पकडीनं नट धरला, त्यानं खालून बोल्ट उलटा काढला. आटे मेलेलेच होते. नवा नट जरा फिरवून ताज्या लाकडात ठोकला, भोवती इपॉक्सी भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. खुर्ची उभी राहिली, पण त्या कोपऱ्यातलं कापड अजून सैल आहे. कंपनीसारखे स्टेपल हातानं बसत नाहीत.

माझी सवय अशी. मशीन कपाटात. बोल्ट छिद्रावर ठेवून आधी उलटा फिरवतो. आटे जुळले की बोटाला बारीकसा टक्क जाणवतो, मग सुलट. सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी तीन-चार आटे आत, मग समोरासमोरचे आळीपाळीनं एल-कीनं, म्हणजे त्या काटकोनात वाकलेल्या किल्लीनं, आवळायचे. बोटानं फिरत नसेल तर बोल्ट तिरका आहे, काढून पुन्हा लावा. छिद्र जुळत नसेल तर बाकीचे सैल करा. वायसर लावताना बोल्टच्या डोक्याखाली आधी स्प्रिंगचा, मग चपटा. पिशवीत दोन लांबीचे बोल्ट असतील तर ते सुरुवातीलाच वेगळे करा, कारण लांबडा चुकीच्या जागी गेला की मांडीखाली टोचतो. वापरायला लागल्यावर पंधरा-वीस दिवसांनी सगळे बोल्ट परत एकदा आवळा. निम्मी करकर तिथेच थांबते.

खालची प्लेट उलटी लावणं

पुढे घसरल्यासारखं वाटतं ना? बैठकीखालची लोखंडी प्लेट काढून बघा. तिच्यावर पुढची बाजू दाखवणारा बाण असतो. साध्या खुर्चीत झुकण्याचा ताण कमीजास्त करायचा गोल नॉब पुढे येतो आणि उंचीची दांडी बसणाऱ्याच्या उजव्या हाताला. छिद्रं दोन्हीकडून जुळतात म्हणून लोक फसतात. बाण बघायला दोन सेकंद लागतात, पण सूचनांचा कागद उघडणं हा आपल्याकडे कमीपणा मानतात.

मागे रेलत नाही म्हणणाऱ्यांनी तीच दांडी बाहेर ओढून बघावी, आत असते तेव्हा खुर्ची लॉक असते. वजनानं हलक्या माणसानं नॉबही थोडा सैल करावा.

सिलिंडरशी कुस्ती

सिलिंडर हातोडीनं ठोकू नका. तो निमुळत्या खोबणीत बसतो. तुम्ही बसलात की तुमच्याच वजनानं घट्ट होतो. वरची प्लास्टिकची टोपी मात्र आधी काढा.

जुनी खुर्ची आपोआप खाली जात असेल तर आतलं सील गेलंय. पाइपचा तुकडा किंवा क्लॅम्प लावून ती अडवायची युक्ती सगळीकडे दाखवतात. मला ती पटत नाही. उंची कायमची एकच होते, मग सिलिंडरवाली खुर्ची कशाला घ्यायची? सिलिंडर वेगळा मिळतो. बहुतेकांच्या बाहेरच्या नळीचा व्यास ५० मिमी आणि वरच्या टोकाचा २८ मिमी असतो. मापून, लांबी जुळवून मागवा. जुना सिलिंडर पाइप-पान्यानं पिळून निघतो. त्याला ड्रिल किंवा आंच लावू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

किरकोळ, पण रोजचं

खोका पहिल्याच दिवशी फाडून टाकू नका, परत करायची वेळ आली तर खुर्ची कशात भरणार?

गुळगुळीत फरशीवर कडक नायलॉनची चाकं घसरतात आणि ओरखडेही पाडतात. तिथे मऊ पॉलियुरेथेनची लावा, कडक चाकं गालिच्यासाठी ठीक. नवी मागवण्याआधी जुन्या चाकाची दांडी मोजा. बहुतेकांची ११ मिमी असते, काहींची १० मिमी. १० ची दांडी ११ च्या भोकात बसल्यासारखी वाटते आणि खुर्ची उचलली की चाक खाली पडतं.