जावाचं ॲप लोकांना द्यायचंय? नुसती जार पाठवू नका

"आधी जावा टाका, मग जारवर डबल क्लिक करा" हा सल्ला अजून देणारे लोक आहेत. (जार म्हणजे ॲपचा कंपाईल केलेला कोड एकत्र बांधलेली फाईल.) समोरच्याकडे विनरार असेल तर ते जारला झिप समजून उघडून बसतं, आणि जुनं जावा 8 असेल तर जावा 17 वर कंपाईल केलेलं ॲप 'क्लास फाईल व्हर्जन 61' (कंपाईल केलेल्या फाईलचा आवृत्ती क्रमांक) असलं काहीतरी बडबडून बंद पडतं, कारण जावा 8 ला 52 च्या पुढचं कळतच नाही. जावा 11 पासून ऑरॅकलने वेगळा जेआरई (ॲप नुसतं चालवण्यापुरतं जावा) देणं बंद केलंय, ब्राउझरमधून ॲप सुरू करून देणारं वेब स्टार्टही तेव्हाच गेलं. म्हणजे रनटाईम, म्हणजे ॲप चालवायला लागणारं जावा, आपणच सोबत द्यायचा.

1. जार आणि सगळ्या लायब्ररी एका फोल्डरमध्ये घ्या.

2. ॲपला जावाचे कुठले भाग, म्हणजे मॉड्यूल, लागतात त्याची यादी काढा. खरी डोकेदुखी इथे आहे.

जावासोबत येणारं जेडेप्स हे टूल चालवलं की यादी मिळते, ती जेलिंक या दुसऱ्या टूलला दिली की छोटा रनटाईम तयार होतो, असं सगळे सांगतात आणि पुढे जातात. पण जेडेप्सला फक्त कोडमध्ये थेट वापरलेलं दिसतं, रिफ्लेक्शनने किंवा सर्व्हिस लोडरने (म्हणजे ॲप चालू असताना नावावरून शोधून) ऐनवेळी जे लागतं ते त्याला दिसत नाही. आणि तुमच्या मशीनवर पूर्ण जेडीके (डेव्हलपरचं सगळी मॉड्यूल असलेलं जावा) असतो, त्यामुळे तिथे सगळं मस्त चालतं, बोंब होते ती ग्राहकाकडे.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय दोन मॉड्यूलनी. एक 'जेडीके डॉट क्रिप्टो डॉट ईसी', एन्क्रिप्शनसाठी लागणारं. जावा 21 पर्यंत हे वेगळं आहे (22 पासून कायम असणाऱ्या 'जावा डॉट बेस' मॉड्यूलमध्येच आलं), नसलं तर बऱ्याच एचटीटीपीएस सर्व्हरशी हँडशेक (सुरक्षित कनेक्शन जुळवणं) फेल होतो आणि लोक उगाच फायरवॉलला शिव्या घालत बसतात. दुसरं 'जेडीके डॉट लोकेलडेटा', वेगवेगळ्या भाषांतली महिन्यांची नावं वगैरे असलेलं. हे त्याहून बेरकी, कारण एररच येत नाही, मराठी महिन्यांच्या जागी गुपचूप इंग्रजी महिने छापून येतात. जड आहे म्हणून काढू नका, जेलिंकला 'इन्क्लूड लोकेल्स' मध्ये फक्त इंग्रजी आणि मराठी सांगा.

"जावा डॉट एसई (बरीच मॉड्यूल एकदम आणणारं मॉड्यूल) टाका, सगळं येतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नाही येत. जेडीके नावाने सुरू होणारी मॉड्यूल त्यात नसतात, आणि वरची दोन्ही नेमकी तीच आहेत.

टेस्ट करताना जेलिंकने बनवलेल्या फोल्डरच्या बिनमधलंच जावा पूर्ण पाथ देऊन चालवा, तेही जावा अजिबात नसलेल्या व्हर्च्युअल मशीनवर. लॉगिन करा, तारीख असलेला रिपोर्ट काढा, प्रिंट द्या. नुसती विंडो उघडली म्हणजे ॲप चाललं असं होत नाही.

3. इन्स्टॉलर बनवणारं जेपॅकेज टूल चालवा, आणि 'रनटाईम इमेज' ऑप्शनमध्ये हाच टेस्ट केलेला फोल्डर द्या. विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवरच बनतो (विक्स टूलसेट लागतं), मॅकचा मॅकवर, लिनक्सचं डेब पॅकेज लिनक्सवर. एका मशीनवर तिन्ही बनवायच्या नादाला लागू नका.

4. मॅकसाठी साईन (डिजिटल सही) आणि नोटराईज (ॲपलकडून तपासून घेणं) करा, नाहीतर मॅकची सुरक्षा तपासणी, गेटकीपर, अडवणार. ॲपलचं डेव्हलपर अकाउंट वर्षाला 99 डॉलर, त्याला पर्याय नाही.

5. लाँच. स्टार्ट मेनूतून उघडल्यावर चालू फोल्डर कुठला असेल याचा भरवसा नाही आणि प्रोग्राम फाईल्समध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही, म्हणून सेटिंग आणि लॉग युजरच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. विंडोजच्या पहिल्या बिल्डला जेपॅकेजचा 'विन कन्सोल' ऑप्शन (एरर दाखवणारी कन्सोल विंडो उघडतो) लावा, नाहीतर ॲप का उघडत नाही हे कळायला काही मार्गच नसतो. रिलीजला तेवढा तो काढायचा, बाकी कमांड तीच.